जुन्या मोटरसायकलींची दुखणी

आमच्या वडिलांच्या मोटरसायकलीखाली एक पत्र्याचे ताट ठेवलेले असे. रात्री गाडी अंगणात उभी केली की आधी ते ताट खाली सरकवावयाचे आणि मग घराचे दार लावावयाचे, असा नेम होता. सकाळी त्या ताटात बंद्या रुपयाएवढा काळ्या तेलाचा डाग पडलेला असे. गल्लीच्या टोकाला ज्यांचे गॅरेज होते त्या मिस्त्रींना मी एकदा विचारले, की ही गळती तुम्ही कायमची बंद का करीत नाही? ते हसून म्हणाले, "गळतंय तोवर आत तेल आहे असं समजायचं. गळायचं थांबलं, की मग काळजी करा."

गाडी कोणत्या कारखान्याची होती हे सांगण्याचे कारण नाही. तशी ताटे त्या काळी अनेक घरांत, अनेक नावांच्या गाड्यांखाली होती. मिस्त्रींच्या विनोदात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती मात्र मला पुष्कळ वर्षांनी जाणवली. गाडी गळणारच आणि ताट ठेवणे हे गाडीवाल्याचे काम, असे ते गृहीतक होते. श्रोतेहो, जुन्या मोटरसायकलींच्या इंजिनांची दुखणी हा आजचा विषय दिसावयास केवळ यांत्रिक आहे. परंतु यंत्र भरवशाचे असावे ही जबाबदारी कोणाची, बनविणाऱ्याची की वापरणाऱ्याची, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर एका देशाचा सबंध उद्योग बुडाला, हा अलीकडचाच इतिहास आहे.

आरंभापासून पाहू. मोठ्या संख्येने बनविलेली पहिली मोटरसायकल १८९४ साली जर्मनीत म्यूनिक येथे हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीस काढली. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या गाड्या निघाल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या इंजिनाला वंगण पुरविण्याचे काम खुद्द स्वारानेच करावयाचे असे. पेट्रोलच्या टाकीजवळ एक हातपंप असे; काही मैल गेले की त्याचा दांडा दाबून थोडे तेल इंजिनात सोडावयाचे. ते तेल परत येत नसे. काही जळून धूर होई, उरलेले रस्त्यावर ठिबके. म्हणजे त्या काळी गळणे हा दोष नव्हता, ती पद्धतच होती. तेल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरात घट्ट अडकून बसे. जास्त झाले तर प्लगवर काजळी धरून ठिणगी पडेनाशी होई. बाहेर जाणाऱ्या जळत्या वायूच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह तर उष्णतेने मोडत असे, कारण तेवढी आच सोसणारे पोलाद अजून सिद्ध झालेले नव्हते. जाणता स्वार खिशात एखादा जादा व्हॉल्व्ह बाळगूनच निघे. स्वार हा निम्मा मिस्त्री असलाच पाहिजे, हा संकेत या काळात रुजला.

पुढे धातू सुधारले. तेलाला वेगळी टाकी, ते इंजिनात ढकलणारा एक पंप आणि खाली जमलेले तेल टाकीत परत ओढणारा दुसरा पंप, अशी व्यवस्था आली. तरीही तो जुना संकेत गेला नाही. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ठरावीक मैलांनंतर व्हॉल्व्हच्या टॅपेटचे अंतर जुळविण्याच्या, ठिणगीचे पॉइंट घासण्याच्या आणि सिलिंडरचे डोके उतरवून आतली काजळी खरवडण्याच्या सूचना असत. हे शेवटचे काम अनेक ब्रिटिश गृहस्थ रविवारी घरच्या मागील अंगणात स्वतः करीत. त्यात इंधनाचाही वाटा होता. दुसऱ्या महायुद्धापासून १९५३ पर्यंत ब्रिटनमध्ये सर्व कंपन्यांचे पेट्रोल एकत्र करून एकाच हलक्या प्रतीचे पेट्रोल विकले जाई. त्याचे ऑक्टेनमान सुमारे सत्तर होते. असल्या इंधनावर इंजिन ठोके देऊ नये म्हणून आतल्या मिश्रणाचा दाब मुद्दाम कमी ठेवावा लागे. दाब कमी म्हणून शक्ती कमी आणि शक्ती कमी म्हणून झीजही कमी. ही मर्यादा इंजिनाच्या पथ्यावर पडली होती, हे ती उठल्यावर कळून आले.

आता ज्या इंजिनाने मोटरसायकलीच्या इतिहासात एक युग निर्माण केले त्याकडे वळू. १९३७ साली ट्रायम्फ कंपनीचे एडवर्ड टर्नर यांनी 'स्पीड ट्विन' ही गाडी काढली. शेजारी शेजारी उभे दोन सिलिंडर, एकूण क्षमता ४९८ घन सेंटिमीटर, आणि दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर व एकाच वेळी खाली. रचना सुटसुटीत, आकार आटोपशीर आणि आवाज मोहक. युद्ध संपताच बीएसए, नॉर्टन, रॉयल एन्फील्ड आणि इतरांनी याच धाटणीची इंजिने काढली. ही रचना मुळात कच्ची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर १९४९ मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरीच्या धावपट्टीवर ट्रायम्फच्या तीन नव्या 'थंडरबर्ड' गाड्या ५०० मैल ताशी ९० मैलांहून अधिक सरासरी वेगाने धावल्या. काळजीपूर्वक जुळविलेले इंजिन काय सोसू शकते याचा हा चांगला पुरावा आहे.

परंतु या रचनेच्या पोटात एक अडचण होती. दोन्ही पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली जात असल्यामुळे एकाचा धक्का दुसरा भरून काढीत नाही. क्रँकशाफ्टवर उलट्या बाजूला वजन ठेवून थोडा तोल साधता येतो. पण तेवढ्याने उभा हादरा कमी होऊन त्याचा काही भाग आडवा होतो, इतकेच. शिवाय हा हादरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की हादरा चौपट. पाचशे घन सेंटिमीटरच्या सौम्य इंजिनात तो सुसह्य होता. पुढे अमेरिकन गिऱ्हाइकांना अधिक वेग हवा झाला, चांगले पेट्रोल मिळू लागले, आणि तेच इंजिन आधी साडेसहाशेचे व शेवटी साडेसातशेचे करण्यात आले. दाब वाढला, फेरे वाढले, पण सांगाडा मूळचाच राहिला. मग नट ढिले होऊ लागले, दिव्यांच्या तारा तुटू लागल्या, टाक्यांना चिरा पडू लागल्या. एका माणसासाठी बांधलेल्या माडीवर तिघांचा संसार चढविला, तर तुळया कुरकुरणारच.

तेलगळतीचे कारणही याच रचनेत सापडते. या इंजिनांचा खालचा पेटारा, म्हणजे क्रँककेस, उभा चिरून दोन अर्धुकांचा केलेला असे. त्यामुळे ती दोन अर्धुके जेथे जुळत तो सांधा तळापर्यंत जाई आणि तेल नेमके तेथेच जमे. सांधा घट्ट बसावयाचा तर दोन्ही पृष्ठभाग अगदी सपाट हवेत. परंतु अनेक कारखान्यांत जुनी झिजलेली यंत्रेच काम करीत होती. त्यातच दोन्ही पिस्टन एकदम खाली आले की पेटाऱ्यातली हवा दाबली जाई. ती बाहेर सोडणारी वाट अरुंद असली, किंवा पिस्टनच्या कड्या झिजून जळते वायू खाली उतरू लागले, तर तो दाब मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकली. काही गाड्यांत आणखी एक प्रकार होई. गाडी काही आठवडे उभी राहिली की वरच्या टाकीतले तेल पंपाच्या झिजलेल्या दात्यांमधून हळूहळू पाझरून खाली पेटाऱ्यात उतरे. मालक टाकीत पाहतो तो ती रिकामी. तो बिचारा वर आणखी तेल ओती, आणि इंजिन सुरू होताच सगळी जमीन काळी होई.

बाहेर गळणारे तेल निदान डोळ्यांना दिसते. खरा घात आत होई. तेल गाळण्यासाठी बहुतेक इंजिनांत तारेच्या जाळीपलीकडे काही नसे. ट्रायम्फच्या क्रँकशाफ्टमध्ये एक पोकळ नळी होती. शाफ्ट फिरू लागला की तेलातला जड मळ फेकला जाऊन त्या नळीत साचावा आणि स्वच्छ तेल बेअरिंगकडे जावे, अशी ही युक्ती होती. युक्ती चांगली, पण नळी साफ करावयाची तर संपूर्ण इंजिन खोलावे लागे. ते कोण करणार? वर्षानुवर्षे मळ साचे, तेलाची वाट बुजे आणि एके दिवशी कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग कोरडे पडून जळून जाई. मालकाला वाटे, इंजिन अचानक गेले. वास्तविक ते दहा वर्षे जातच होते.

विजेच्या दुखण्यांविषयी पुष्कळ विनोद झाले आहेत. ब्रिटिश गाड्यांना विजेची उपकरणे पुरविणाऱ्या लूकस कंपनीच्या संस्थापकांना 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवी शौकिनांनी बहाल केली होती. विनोद बाजूला ठेवला तरी कारणे स्पष्ट आहेत. मॅग्नेटोच्या गुंडाळीवर लाखेचा लेप असे. इंजिनाच्या उष्णतेने तो कालांतराने मऊ पडे. अशी गाडी सकाळी पहिल्या किकला सुरू होई, पण तापल्यावर थांबविली की पुन्हा चालू होण्याचे नाव घेत नसे. सहा व्होल्टच्या मंद व्यवस्थेत दिवा, भोंगा आणि ठिणगी तिघांचे कसेबसे भागे. त्यात वर सांगितलेला हादरा अखंड चालू. तार तुटावी कशी नाही?

येथे नॉर्टनचे उदाहरण उद्बोधक आहे. १९६७ साली या कंपनीने 'कमांडो' गाडी काढली, तेव्हा हादऱ्यावर एक चतुर तोड शोधली. इंजिन रबराच्या बैठकांवर असे टांगले, की त्याची थरथर स्वारापर्यंत पोहोचूच नये. स्वार सुखावला. परंतु इंजिन आतून पूर्वीसारखेच हादरत होते. फक्त त्याची तक्रार ऐकू येणे बंद झाले होते. १९७२ साली त्याच गाडीसाठी 'कॉम्बॅट' नावाचे अधिक दाबाचे, सुमारे पासष्ट अश्वशक्तीचे इंजिन आले. जोराच्या फेऱ्यांत त्याचा क्रँकशाफ्ट किंचित वाके, बेअरिंगच्या रोलरांच्या कडा आपल्या बैठकीत रुतत, आणि थोडक्याच मैलांत मुख्य बेअरिंगे निकामी होत. पुढे मध्यभागी किंचित फुगीर रोलरांची बेअरिंगे घालून हा दोष दूर झाला. पण तोवर गाड्या लोकांच्या हाती गेल्या होत्या. परीक्षा कारखान्यात व्हावयाची ती रस्त्यावर झाली, आणि तिची फी गिऱ्हाइकाने भरली.

हे सारे चालू असता पूर्वेकडे वेगळा विचार होत होता. सोइचिरो होंडा यांनी १९५४ साली आइल ऑफ मॅनच्या शर्यती जाऊन पाहिल्या. १९५९ साली त्यांच्या गाड्या तेथे उतरल्या आणि १९६१ साली दोन वर्गांत जिंकल्या. १९६० साली खुद्द एडवर्ड टर्नर जपानचे कारखाने पाहून आले. तेथील यंत्रसामग्री आणि उत्पादनाचा आवाका पाहून ते चकित झाले, आणि तसा अहवाल त्यांनी परत आल्यावर दिला. अहवाल वाचला गेला. कारखाने मात्र बहुतांशी जसे होते तसेच राहिले. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही, पण वाईट वाटते.

१९६९ साली होंडाची 'सीबी ७५०' आली. चार सिलिंडर, ७३६ घन सेंटिमीटर, पुढील चाकाला डिस्क ब्रेक आणि बटण दाबताच सुरू होणारे इंजिन. पिस्टन दोन वर असताना दोन खाली, म्हणून मुख्य धक्के आपापसांत फिटत. क्रँककेस आडवा चिरलेला, म्हणून सांधा तेलाच्या तळ्यापासून वर. तेलाला बदलता येण्याजोगा कागदी गाळणी-डबा. ही गाडीही निर्दोष नव्हती; आरंभीच्या काही गाड्यांची साखळी तुटून क्रँककेसला भोक पाडी. परंतु दोष कळताच तो कारखान्यात दुरुस्त होई. गाडीवाल्याने जादा साखळी खिशात बाळगावी, अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९७३ मध्ये बीएसए कोसळली आणि उरलेल्या कारखान्यांचे सरकारी साहाय्याने एकत्रीकरण झाले. १९७५ साली ब्रिटिश सरकारने एका अमेरिकन सल्लागार संस्थेकडून या उद्योगाचा अहवाल करून घेतला. लहान गाड्यांत नफा नाही म्हणून ब्रिटिश कारखानदार एकेक वर्ग सोडत मागे सरले, आणि जपान्यांनी प्रचंड संख्येच्या बळावर स्वस्त व चोख उत्पादन साधले, असे त्या अहवालाचे सार होते. कामगारांनी सहकारी पद्धतीने चालविलेला ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखाना १९८३ साली बंद पडला. केवळ तेलगळतीने हा उद्योग बुडाला असे कोणी म्हणणार नाही. पण गळती ज्या वृत्तीतून आली, त्याच वृत्तीतून बाकीचेही आले.

आता आपल्या घराकडे पाहू. रॉयल एन्फील्डची 'बुलेट' मूळची इंग्लंडातल्या रेडिच गावची. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि हे एकाच सिलिंडरचे, ३४६ घन सेंटिमीटरचे इंजिन येथे तयार होऊ लागले. इंग्लंडात मूळ कंपनी १९७० साली मिटली. येथे मात्र बुलेट चालू राहिली, इतकी की १९७७ साली ती मद्रासहून इंग्लंडला निर्यात होऊ लागली. तिची दुखणी त्याच घराण्यातली होती: सांध्यांतून पाझरणारे तेल, लवकर झिजणारे पॉइंट, वारंवार जुळवावे लागणारे टॅपेट, आणि तेल वेळेवर बदलले नाही तर कनेक्टिंग रॉडच्या बुशाचा ठोका. मात्र तिने आपली मर्यादा ओलांडली नाही. कमी दाब, कमी फेरे, जड चाक. त्यामुळे ती बिघडे पुष्कळ, पण कायमची मोडे क्वचित. खेड्यातला मिस्त्री चार पान्यांवर तिला पुन्हा उभी करी.

या मिस्त्रींविषयी मला नितांत आदर आहे. इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवून मूठ कानाशी धरावयाची आणि आतले दुखणे ऐकावयाचे, ही विद्या कोणत्याही विद्यापीठात शिकविली गेली नाही. पण त्यांच्या कौशल्याची एक बाजू आपण पाहत नाही. मिस्त्री जितका हुशार, तितका कारखाना निर्धास्त. प्रत्येक दोष गल्लीतच निस्तरला जाई, म्हणून तो नकाशे आखणाऱ्याच्या टेबलापर्यंत कधी पोहोचतच नसे. आमच्या कचेरीतही हेच पाहिले आहे. एखादा नियम सदोष असतो. खालचा मनमिळाऊ कारकून रोज काही तरी वाट काढून लोकांची कामे करून देतो. आणि नियम वीस वर्षे तसाच राहतो, कारण वर तक्रारच येत नाही. शिवाय परवान्यांच्या त्या काळात गाड्या थोड्या आणि गिऱ्हाईक फार. जो गाडीसाठी वाट पाहत उभा आहे, तो तेल का गळते हे विचारण्याच्या स्थितीत नसतो.

१९८५ साली हीरो होंडाची शंभर घन सेंटिमीटरची गाडी आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. त्यातला 'विसरून जा' हा भाग क्रांतिकारक होता. पोस्टमन, शाळामास्तर, दूधवाला यांना गाडीवर प्रेम करावयास वेळ नव्हता. त्यांना कामावर पोहोचावयाचे होते. बुलेटनेही अखेर कात टाकली. २००८ नंतर तिच्यात इंजिन व गिअरबॉक्स एकत्र असलेले, आपोआप जुळणाऱ्या टॅपेटांचे नवे इंजिन आले आणि पुढील काही वर्षांत जुने ओतीव लोखंडाचे इंजिन बंद झाले. काही जुन्या भक्तांना ठोक्याचा तो आवाज गेल्याचे दुःख झाले. तेही मी समजू शकतो.

आजही अनेकांनी जुन्या गाड्या जपल्या आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की तेल पुस्तिकेत लिहिले आहे त्याहून लवकर बदला. दीर्घकाळ उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी खालच्या पेटाऱ्यातले तेल काढून पाहा. आणि जुन्या मळकट इंजिनात मळ धुणारे आधुनिक तेल एकाएकी घालू नका, कारण सुटलेला मळ नेमका बेअरिंगच्या वाटेत जाऊन बसतो. ही सेवा आनंदाने करावी. जी सेवा आपण हौसेने पत्करतो तिला छंद म्हणतात. पण ज्याला पर्याय नाही त्याच्यावर तीच लादली गेली, तर तो अन्याय होतो.

वडिलांची ती गाडी आता आमच्याकडे नाही. ताट मात्र परवापर्यंत माळ्यावर होते. धाकट्या मुलीने ते खाली काढून विचारले, "हे कशाला होतं?" मी सांगितले. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग ज्यांनी गाडी बनवली, त्यांना कोणी कळवलं का नाही?" मी तिला बरीच कारणे सांगितली. आज तुम्हांलाही तीच सांगितली. परंतु प्रश्न विचारावयास हवा होता, हे तिचे म्हणणे मला अद्याप खोडता आलेले नाही.